तयार नमुना

सरकारी कचेरीत नव्याने रुजू झालेला माणूस पहिली गोष्ट शिकतो ती ही की, कोरा कागद कधी घ्यायचा नसतो. जुन्या फाईलमध्ये तशाच विषयाचे एखादे पत्र गेलेले असते. ते शोधायचे, त्यातले नाव, तारीख आणि रक्कम बदलायची आणि साहेबांपुढे ठेवायचे. आमच्या भाषेत याला पूर्वोदाहरण पाहणे म्हणतात. बाहेरचे लोक याला बाबूगिरी म्हणतात. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने मला त्यात प्रथमपासून एक शहाणपण दिसत आले आहे. कुणीतरी एकदा डोके चालवून मसुदा केलेला असतो, त्याचा खर्च होऊन गेलेला असतो. तोच मसुदा दुसऱ्याने वापरला म्हणून पहिल्याच्या वाट्याचा कमी होत नाही. गव्हाच्या पोत्याला हा गुण नाही, ज्ञानाला आहे.

मात्र या शहाणपणाची एक किंमत असते आणि ती कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. ती मला कळली कुंडममुळे.

महाराष्ट्राबाहेरच्या, आणि आतल्याही, बहुतेक वाचकांनी कुंडमचे नाव ऐकले नसेल. जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे तहसिलीचे गाव आहे. आजूबाजूला गोंड वस्ती मोठी आहे, विधानसभेचा सिहोरा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, त्यात हा भाग येतो. नर्मदेला उजव्या काठाने मिळणाऱ्या नद्यांपैकी हिरन ही मोठी नदी, तिचा उगम याच परिसरातला. माझी नेमणूक जबलपूरला होती तेव्हा त्या रस्त्याने मी अनेकदा गेले आहे.

२००८ च्या सुमारास आमच्या कार्यालयाला स्वतःचे संकेतस्थळ हवे असे वरून पत्र आले. कार्यालयाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. मुदत एका महिन्याची, आणि त्यासाठी पैसे जवळजवळ नाहीत. आमच्याच खात्याच्या दुसऱ्या राज्यातील कार्यालयाने आधीच एक नेटके स्थळ केले होते. त्यांना फोन केला, त्यांनी आनंदाने सगळ्या फाईली एका सीडीवर पाठवून दिल्या. आमच्याकडच्या एका तरुण सहायकाने राज्याचे नाव बदलले, पत्ता बदलला, मुखपृष्ठावर भेडाघाटचे छायाचित्र लावले. नऊ दिवसांत स्थळ तयार झाले. बैठकीत माझे कौतुक झाले आणि तेव्हा मला ते रास्त वाटले.

पुढच्या नोव्हेंबरात कुंडम तहसिलीतल्या एका खेड्यातून एक गृहस्थ माझ्या खोलीत आले. कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी मुलीचा अर्ज दिला होता आणि तो उशिरा आला म्हणून नाकारला गेला होता. त्यांनी धोतराच्या सोग्यातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. भाच्याने शहरात छापून दिलेले आमच्याच स्थळाचे पान होते ते. त्यावर शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर होती. आमच्या कार्यालयाची तारीख होती ३० सप्टेंबर. खाली दूरध्वनी क्रमांक होता, तोही आमचा नव्हता. त्या क्रमांकावर त्यांनी तीनदा फोन करून विचारले होते. पलीकडून कुणीतरी वेगळ्याच बोलीत बोलत होते, असे ते म्हणाले. मग त्यांनी कागद माझ्यासमोर सरळ केला आणि अगदी शांतपणे विचारले, "मैडम, ये कागज आप ही के दफ्तर का है ना?"

कागद आमचाच होता. मुखपृष्ठ सर्वांनी तपासले होते, आतली पाने कुणीच नाही. मीही नाही. विलंब माफ करण्यासाठी मी टिपण लिहिले, ते दिल्लीला गेले, परत आले, पुन्हा गेले. मंजुरी आली तेव्हा शैक्षणिक वर्ष संपले होते. मुलीची त्या वर्षाची फी बापाने दोन बकऱ्या विकून भरली होती. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही, मी विचारले म्हणून सांगितले.

त्यानंतर 'तयार नमुना' या गोष्टीकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. पाहता पाहता लक्षात आले की, ज्या मातीत हे घडले त्या मातीवर असा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वीही झाला होता, आणि त्याचा आपल्या मराठी इतिहासाशी जवळचा संबंध आहे.

जबलपूरचा मुलूख १८१७-१८ च्या लढाईत नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेला. मराठी अमलात गावाचा वसूल पटेलामार्फत होई. पटेल हा वसुलीचा ठेका घेणारा आणि गावाची व्यवस्था पाहणारा माणूस होता, गावाच्या जमिनीचा धनी नव्हता. पुढे हा सागर-नर्मदा प्रदेश काही काळ वायव्य प्रांताच्या म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या बाजूच्या कारभाराला जोडलेला होता. तिथे महालवारी बंदोबस्ताची पद्धत बसलेली होती. नियम होते, नोंदवह्या होत्या, रकाने ठरलेले होते, अनुभवी अधिकारी होते. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि नव्या प्रांताच्या बंदोबस्तासाठी हाच तयार नमुना घेतला गेला. कुणीही हुशार प्रशासक त्या वेळी तेच करता. पण त्या नमुन्यात एक रकाना मालकाचा होता. गंगा-यमुनेच्या मुलुखात तो भरायला गावातले भाऊबंद जमीनदार होते. इकडे तसे कुणी सहजी सापडेना. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून त्यात पटेलाचे नाव लिहिले गेले. वसूल गोळा करणारा माणूस मालगुजार झाला, म्हणजे कागदोपत्री गावाचा मालक झाला.

रयतेला काही संरक्षण दिले गेले होते, ते नाकारून सरसकट बोलणे बरोबर होणार नाही. काही अधिकाऱ्यांना यातला धोका तेव्हाच कळत होता. तरी एका उसन्या रकान्याने जमिनीचे नाते बदलले हे खरे, आणि ते निस्तरायला १९५० चा मालकी हक्क संपुष्टात आणणारा कायदा यावा लागला, तो ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. नव्वद वर्षे! माझ्या शिष्यवृत्तीच्या पानाला एकच वर्ष लागले, तेवढेच समाधान.

असो. आता संकेतस्थळांकडे वळू.

उसना नमुना ही संकेतस्थळांची व्याधी नसून जन्मखूणच आहे, हे समजून घेतले पाहिजे. ३० एप्रिल १९९३ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेबचे सॉफ्टवेअर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. ब्राउझरमध्ये पानाचा मूळ मजकूर पाहण्याची सोय सुरुवातीपासून होती. दुसऱ्याचे पान आवडले की, त्याचा मूळ मजकूर उघडायचा, उतरवून घ्यायचा, आपले शब्द घालायचे. संकेतस्थळे बनवायला एक अख्खी पिढी अशीच शिकली, शाळेत कुणी गेले नाही. १९९५ साली आलेला अपाचे हा सर्व्हर इलिनॉय विद्यापीठातल्या आधीच्या एका सर्व्हरला ठिगळे लावत लावत तयार झाला आणि पुढे अनेक वर्षे जगातील निम्म्याहून अधिक स्थळे त्यावर चालली. २००३ मधला वर्डप्रेसही बी-टू नावाच्या एका मागे पडलेल्या प्रकल्पातूनच निघाला.

आपल्या घरचे उदाहरण अधिक जवळचे आहे. परदेशी राहणाऱ्या वाचकांना आठवत असेल, एकेकाळी प्रत्येक मराठी वर्तमानपत्रासाठी वेगळा फाँट उतरवून घ्यावा लागे, आणि तो नसला की, पडद्यावर चिन्हांची खिचडी दिसे. मायबोली हे स्थळ १९९६ पासून चालत आले आहे. पुढे युनिकोड स्थिरावला आणि मनोगत, उपक्रम, मिसळपाव अशी स्थळे एकामागून एक निघाली. त्यांच्या तळाशी सॉफ्टवेअर एकच होते, ड्रुपल. मायबोलीही नंतर त्यावरच आली. ड्रुपल हे मुळात बेल्जियममधील ड्रीस बायटार्ट या विद्यार्थ्याने मित्रांसाठी लिहिलेले आणि २००१ मध्ये सर्वांना खुले केलेले सॉफ्टवेअर. त्याने मराठीचा विचार केला असण्याचे काही कारण नाही. आपल्या लोकांनी ते घेतले, त्यात देवनागरी टंकलेखनाची सोय बसवली, सूचना मराठीत आणल्या आणि न्यू जर्सीपासून नाशिकपर्यंतच्या माणसांना एका ओटीवर बसवले. भारत सरकारने २०१२ मध्ये शासकीय आकडेवारी सर्वांना मिळावी म्हणून जे स्थळ उघडले, तेही अमेरिकेच्या सरकारबरोबर मिळून ड्रुपलवरच उभारले होते आणि त्याचा कोड इतर देशांसाठी खुला केला होता. पाककृतींच्या गप्पा आणि देशाची सांख्यिकी एकाच सांगाड्यावर उभी होती, ही गंमत मला अजूनही वाटते.

सरकारातले पुनर्वापराचे काम मुख्यतः राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केले. या संस्थेची स्थापना १९७६ ची. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिने उपग्रहामार्फत जिल्ह्याची ठिकाणे दिल्लीशी जोडली, तेव्हा अनेक जिल्ह्यांत धड टेलिफोन लागत नव्हता. एक गट एका जागी सॉफ्टवेअर लिहील आणि ते सर्व जिल्ह्यांत चालेल, हा विचार त्यात पहिल्यापासून होता. पण तो सगळीकडे सारखा यशस्वी झाला नाही. का झाला नाही, याचा मी बराच विचार केला आहे.

वाहन नोंदणीचे 'वाहन' आणि अनुज्ञप्तीचे 'सारथी' ही सॉफ्टवेअरे देशभर जवळजवळ सर्व राज्यांत पसरली. जमिनीच्या नोंदींचे तसे झाले नाही. कर्नाटकाने २००० साली 'भूमी' सुरू केली, तिचे देशभर नाव झाले, पाहायला शिष्टमंडळे गेली, तरी महाराष्ट्राला आपले वेगळे बनवावे लागले आणि मध्य प्रदेशाला आपले. याचे कारण संगणकात नाही, कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, सर्व देशाला एक. जमीन हा राज्यांचा विषय. आपल्याकडे सातबारा, म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, तर कुंडमला खसरा आणि बी-वन. नावे वेगळी आहेत एवढेच नाही, आत नोंदवलेली नाती वेगळी आहेत. जिथे कायदा एक तिथे सॉफ्टवेअर एक होऊ शकले. जिथे कायदे वेगळे होते तिथे वरवरचे रंगरूप तेवढे उसने घेता आले. तंत्रज्ञानाच्या परिषदांत हा मुद्दा मी अनेकदा मांडला, आणि दरवेळी चहाची वेळ झाली.

याची सर्वात चांगली परीक्षा रोजगार हमीच्या सॉफ्टवेअरने दिली, आणि ती मी कुंडमच्या रस्त्यावर पाहिली. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो पहिल्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यात कुंडमचे शेजारी मंडला आणि दिंडोरी हे दोन्ही जिल्हे होते. जबलपूर जिल्ह्याचा क्रम १ एप्रिल २००८ ला, शेवटच्या टप्प्यात लागला. म्हणजे दोन वर्षे असे होते की, सीमेपलीकडच्या गावात जॉबकार्ड होते आणि अलीकडच्या गावात नव्हते. वाट पाहणाऱ्यांना ती दोन वर्षे महागच गेली. मात्र कार्ड आले तेव्हा त्यामागचे सॉफ्टवेअर इतरत्र घासूनपुसून झालेले होते. कुंडमसाठी कुणी वेगळी आज्ञावली लिहिली नाही, लिहायची गरजही नव्हती. जिथे इंटरनेट पोचत नाही तिथे आधी संगणकावर नोंदी करून मग वर चढवण्याची सोय त्यात होती, स्थानिक भाषांची सोय होती, कारण आधीच्या जिल्ह्यांनी ती भांडून मिळवली होती. माझ्या मते पुनर्वापराचा खरा फायदा हा आहे. पैसा वाचतो ही दुय्यम गोष्ट, दुसऱ्याने काढलेला त्रास वाचतो ही मोठी गोष्ट.

हा कायदा करण्यामागे महाराष्ट्राच्या १९७० च्या दशकातील रोजगार हमी योजनेचा अनुभव होता हे वाचकांना माहीत असेलच. म्हणजे हाही एक तयार नमुना, आणि आपल्याच घरातून गेलेला.

याच्या उलट टोकाचे उदाहरण माहितीच्या अधिकाराचे. २००५ च्या त्या कायद्याच्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाला १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगितल्या आणि त्यासाठी १२० दिवस दिले. मला विचाराल तर भारतातील शासकीय संकेतस्थळांचा पहिला मोठा आराखडा या १७ कलमांनीच दिला. कायद्यानेच सूची दिली होती, प्रत्येकाने आपली माहिती तेवढी भरायची. झाले काय, तर शेजारच्या कार्यालयाचे १७ मुद्दे उतरवून घेतले गेले. मी स्वतः एका कार्यालयाच्या पुस्तिकेत दुसऱ्याच कार्यालयाच्या शिपायांची संख्या वाचली आहे. सांगाडा उसना घ्यायचा असतो, आतला जीव नाही, हे कुणी कुणाला सांगितले नव्हते.

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी 'ज्ञानदूत' सुरू झाला होता. गावागावांत माहिती केंद्रे, अल्प शुल्कात बाजारभाव, दाखले, तक्रारींची नोंद अशी ती योजना. त्याच वर्षी तिला स्टॉकहोमचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर मी पाहिलेल्या कितीतरी प्रस्तावांत 'ज्ञानदूतच्या धर्तीवर' हे शब्द होते. धर्तीवर म्हणजे खोकी, संगणक आणि फलक. ज्या जिल्हाधिकाऱ्याने दर आठवड्याला कोणत्या तक्रारीला उत्तर गेले नाही हे पाहिले, तो माणूस सीडीवर उतरवून कुठे पाठवणार?

जानेवारी २००९ मध्ये केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आमच्या स्थळाला ती थोडी उशिरा लाभली. पुढे त्यांच्या सुधारित आवृत्त्या आल्या. पानावर मजकूर कधी तपासला याची तारीख असावी, मजकुराची जबाबदारी कुणाची ते ठरलेले असावे, अंधांना वाचक-सॉफ्टवेअरने पान ऐकता यावे, असे त्यात होते. हे वाचायला रुक्ष वाटते, पण 'या पानाला जबाबदार कोण' हा एक ओळीचा नियम २००८ मध्ये माझ्या टेबलावर असता, तर दोन बकऱ्या वाचल्या असत्या. २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आले, शासकीय आज्ञावल्यांचा कोड खुला करण्याचे दुसरे धोरणही त्याच वर्षी आले. मग २०१८ पासून जिल्ह्यांची स्थळे एका सामायिक सेवेवर जाऊ लागली. तिच्या नावात 'सुगम्य' हा आपला शब्द इंग्रजी शब्दांच्या रांगेत बसवलेला आहे. आज जबलपूरचे स्थळ उघडा की रत्नागिरीचे, बांधणी तीच दिसते, जिल्ह्याविषयी, विभाग, सूचना, पर्यटन. अक्षर मोठे-लहान करण्याची सोय तीच. पुष्कळांना हा एकसारखेपणा कंटाळवाणा वाटतो. मला वाटत नाही. ज्याला महिन्यातून एकदाच कुणाच्या तरी मोबाइलवर हे पान पाहायला मिळते, त्याला बटण कालच्याच जागी सापडणे हीच सोय आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मंत्रालयांच्या स्थळांसाठीही रंग आणि अक्षरे एकसारखी ठरवणारी पुस्तिका निघाली.

इतर देश हेच करतात. ब्रिटनने २०१२ मध्ये शेकडो खात्यांची स्थळे एका छत्राखाली आणायला सुरुवात केली आणि त्याचा कोड खुला ठेवला. नागरिकांना संदेश पाठवण्याची त्यांची 'नोटिफाय' प्रणाली कॅनडाने २०१९ मध्ये घेतली. पण कॅनडात सरकार इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही बोलते, त्यामुळे तिथल्या लोकांना बसून ती दुभाषिक करावी लागली. कोड फुकट मिळाला, बसणे फुकट नव्हते. आमच्याकडे निर्मितीला लेखाशीर्ष असते, खरेदीला असते, देखभालीला थोडेफार असते. उसने आणलेले आपल्या अंगाला बसते की नाही हे ओळ न ओळ वाचून पाहण्याला लेखाशीर्ष नाही. ते काम कुणीतरी तरुण सहायक संध्याकाळी सहानंतर करतो, किंवा करत नाही.

माझ्या त्या सहायकावर मी कारवाई केली नाही. तारखांचे पान वाचणे हे माझे काम होते. आम्ही दोघांनी नंतर एक शनिवार-रविवार बसून स्थळाची ६४ पाने मोठ्याने वाचून काढली. तो वाचायचा, मी मूळ आदेश समोर ठेवून खूण करायचे. आणखी अकरा चुका निघाल्या. त्यातली एक अशी की, कार्यालयाला जवळचा विमानतळ म्हणून आम्ही समुद्रकिनाऱ्यावरच्या एका शहराचे नाव दिले होते.

तेव्हापासून एक सवय लागली. कुठल्याही कार्यालयाचे नवे स्थळ माझ्यापुढे मान्यतेला आले की, मुखपृष्ठ पाहण्याआधी मी संपर्काचे पान उघडते आणि त्यावरचा क्रमांक सर्वांसमोर लावते. सादरीकरणाला आलेली मंडळी जरा अस्वस्थ होतात. मागे एकदा जबलपूरच्याच एका छोट्या कार्यालयाचे स्थळ आले होते, आराखडा अर्थातच तयार घेतलेला, नेटका. मी फोन लावला. बराच वेळ घंटी वाजत राहिली, खोलीत कुणी बोलेना. मग पलीकडून एक आवाज आला, जेवता जेवता उठल्यासारखा, "हाँ जी, जबलपुर से बोल रहे हैं, बताइए।"

मी सही केली.